मर्जी असेपर्यंत: एका गोठलेल्या तळ्याची भाषांतरं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं तळं आहे. तिथे जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार बर्फावरच्या मासेमारीत घालवायचा, तर रिसॉर्ट निवडताना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. बर्फ किती इंच झाला आहे? रिसॉर्टने बर्फावरचा रस्ता तळ्यात किती आतपर्यंत साफ केला आहे? भाड्याची खोपी दिवसापुरती की रात्री झोपण्याची? आत शेगडी कसली? तळाशी भोकं किती? आणि शेवटचा प्रश्न: सापडलेला वॉलआय मासा घरी नेता येईल का, नेता येत असेल तर किती आणि किती लांबीचे?

पहिले पाच प्रश्न थंडीचे आणि पैशांचे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधत गेलं तर ते १८३७ च्या जुलैमधल्या एका बैठकीपर्यंत, आणि त्या बैठकीत दुभाष्यांनी इंग्रजीत आणलेल्या एका वाक्यापर्यंत जाऊन पोचतं. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने मला या तळ्याचं आकर्षण माशांमुळे वाटलं नाही, त्या वाक्यामुळे वाटलं.

आधी तळं. मिनियापोलिसपासून साधारण १६० किलोमीटर उत्तरेला असलेलं हे पाणी जवळजवळ ५३५ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. मध्यात उभं राहिलं तर समोरचा काठ दिसेलच असं नाही. एवढ्या विस्ताराला खोली मात्र अगदी कमी, जास्तीत जास्त १३ मीटर. हिवाळा पुरता बसला की हे सगळं पाणी वरून घट्ट होतं. चार इंच चांगला, नितळ बर्फ एका माणसाचं वजन पेलतो, मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. (इथे मराठी अडते. आकाशातून पडतो तो बर्फ, पाण्यावर धरतो तोही बर्फ, आणि उसाच्या रसात घालतात तोही. तळ्यावर मात्र पहिला दुसऱ्याचा शत्रू आहे: वर हिमाची दुलई पसरली की खालचा बर्फ नीट जाड होत नाही.)

रिसॉर्टचं खरं काम इथून सुरू होतं. उन्हाळ्यात होड्या आणि लाकडी खोल्या भाड्याने देणारा मालक हिवाळ्यात रस्ते बांधणारा कंत्राटदार होतो. तो रोज बर्फाची जाडी मोजतो, नांगर लावलेल्या ट्रकने हिम बाजूला सारत तळ्यात मैलोगणती रस्ता काढतो, कडेला खुणेच्या काठ्या किंवा नाताळनंतर लोकांनी टाकून दिलेली झाडं रोवतो. बर्फ आवाज करत फाटतो आणि फट रुंदावते, तेव्हा तिच्यावर उचलून नेता येणारा पूल टाकतो. या रस्त्यावरून जायला पैसे पडतात, आणि ते योग्यच आहे. रस्त्याच्या टोकाला खोप्या असतात. तिथले लोक त्यांना फिश हाउस म्हणतात. आत बाकं किंवा झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, आणि जमिनीला झाकणं. झाकण उघडायचं, खालच्या बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं, गळ सोडायचा, आणि थांबायचं. चांगल्या हिवाळ्यात अशा हजारो खोप्या तळ्यावर उभ्या राहतात. रात्री दिवे लागले की गाव वसल्यासारखं वाटतं, आणि मार्चमध्ये ते गाव उठतं.

वॉलआय हा इथला मानाचा मासा. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासाही आहे. त्याच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरीच्या असतो तसा, म्हणून अंधूक उजेडात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं आणि म्हणून तो कातरवेळी आणि पहाटे शिकार करतो. रात्री झोपायची खोपी महाग असण्याचं निम्मं कारण हेच. ओजिब्वे भाषेत त्याचं नाव ‘ओगा’.

ओजिब्वे लोक बर्फातून मासा धरत आले आहेत तो गळाने कमी आणि भाल्याने जास्त. बर्फाला भोक पाडायचं, त्यावर पालथं पडायचं, डोक्यावरून घोंगडी घ्यायची. वरचा उजेड बंद झाला की खालचं पाणी आतून उजळल्यासारखं दिसू लागतं. एका हाताने लाकडाचा कोरलेला मासा दोरीवर नाचवायचा, दुसऱ्या हातात भाला. मिनेसोटात आजही ‘डार्क हाउस’ म्हणून काळोख्या खोपीतून भाल्याने पाइक मासा मारण्याची परवानगी आहे. ती खोपी म्हणजे त्या घोंगडीला भिंती फुटल्या, एवढंच. रिसॉर्टच्या जाहिरातींत या पद्धतीचं मूळ कुठलं ते क्वचितच लिहिलेलं असतं.

तळ्याच्या काठची नावं मात्र काहीच लपवत नाहीत, फक्त ती चुकीची वाचलेली आहेत. ओजिब्वेंच्या आधी इथे डकोटा लोक राहत. त्यांच्यासाठी हे ‘म्दे वकान’ होतं, म्हणजे पवित्र, गूढ शक्तीचं तळं. म्देवकान्तन हे त्यांच्यातल्या एका शाखेचं नाव या तळ्यावरूनच आलं. युरोपीयांनी ‘वकान’चं भाषांतर ‘स्पिरिट’ असं केलं. ते फारसं वाईट नव्हतं. पण स्पिरिट म्हणजे आत्मा आणि स्पिरिट म्हणजे दारूही, तेव्हा तळ्यातून निघणाऱ्या नदीला कुणीतरी रम नदी म्हणून टाकलं, आणि नकाशावर ती आजही रम नदीच आहे. दक्षिण काठावरच्या वाकोन गावाच्या नावात तरी मूळ शब्द तगला आहे.

दुसरी चूक हस्ताक्षराची. फ्रेंच साहसी दानिएल ग्रेसोलों द्यु ल्यु १६७९ च्या जुलैमध्ये इथल्या मोठ्या डकोटा गावात आला आणि त्याने गावाचं नाव ‘इझातिस’ असं लिहिलं. पुढे नक्कल करणाऱ्याला सुरुवातीची दोन अक्षरं मिळून ‘क’ वाटली, शेवट ‘हिओ’ वाटला, आणि झालं ‘काथिओ’. या नावाचं कुठलंही गाव कधी नव्हतं. तरी डकोटा आणि ओजिब्वे यांच्यातल्या लढाईच्या परंपरागत कथेला ‘काथिओची लढाई’ म्हणतात, आणि तिथल्या सरकारी उद्यानाचं नावही काथिओ आहे. गंमत म्हणजे मूळ वाचन एका रिसॉर्टने उचललं: ओनामियाजवळ इझातिस नावाचं रिसॉर्ट आहे. सरकारी पाटीवर चूक आणि धंद्याच्या पाटीवर बरोबर, असं फार वेळा होत नाही.

‘मिल लॅक्स’ हे फ्रेंच, म्हणजे हजार तळी. ते नाव सगळ्या परिसराचं होतं, पुढे एकाच तळ्याला चिकटलं. आता त्याला ‘मिल लॅक्स लेक’ म्हणतात, म्हणजे हजार तळ्यांचं तळं, आणि उच्चार करतात ‘मलॅक्स’. ओजिब्वे नाव ‘मिसी-झागाइगन’, मोठं पसरलेलं तळं, हे त्या पाण्याचं सगळ्यात सरळ वर्णन आहे.

आता १८३७. मिनेसोटा आणि मिसिसिपी नद्यांच्या संगमाजवळ, फोर्ट स्नेलिंगला, विस्कॉन्सिन प्रदेशाचा गव्हर्नर हेन्री डॉज याने ओजिब्वे प्रमुखांना बोलावलं होतं. सरकारला हवे होते पाइनचे वृक्ष. इमारती लाकडाच्या त्या अफाट पट्ट्यात मिल लॅक्सही येत होतं. मोबदला वीस वर्षं हप्त्याने मिळणार होता: दरवर्षी ९,५०० डॉलर रोख, १९,००० डॉलरचा माल, आणि बारीकसारीक गोष्टींत ५०० डॉलरची तंबाखू.

बैठकीची टिपणं वरप्लँक व्हॅन अँटवर्प या सचिवाने ठेवली. ती इंग्रजीत आहेत. ओजिब्वे प्रमुख जे बोलले त्यातलं एक अक्षरही त्यांच्या भाषेत उतरवलेलं नाही. आपल्यासमोर आहे ते दुभाष्यांचं बोलणं. या दुभाष्यांपैकी एक होता स्टीफन बोंगा. त्याचे आजोबा गुलामीत असलेले आफ्रिकी वंशाचे, वडील कातड्यांच्या व्यापारात, आई ओजिब्वे. दोन्हीकडच्या भाषा घरातच शिकलेला माणूस.

मघेगाबो नावाचा प्रमुख उठला आणि बोलला. दुभाष्यांच्या मुखातून टिपणात आलेलं त्याचं म्हणणं असं: आम्ही तुम्हाला देत आहोत त्या सगळ्या मुलखातलं एक झाड आम्ही धरून ठेवू इच्छितो, ज्यावर आमची गुजराण होते, आणि ते झरे-ओढे, ज्यांचं जीवन देणारं पाणी आम्ही पितो.

व्हॅन अँटवर्प वैतागला. त्याने तिथेच शेरा मारला की हे अर्थातच निरर्थक आहे. दुभाषे या कामाला नालायक आहेत, तरी त्यांनी सांगितलं ते शब्दशः देत आहे. आणि मग स्वतःचा अंदाज जोडला: या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि मेपलची साखर करण्याची मुभा राखून ठेवायची आहे, असा याचा अर्थ असावा.

ही नोंद मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी दुभाष्यांच्या बाजूने उभी राहिले आहे. निरर्थक काय होतं त्यात? गोऱ्यांना पाइन हवे होते. त्यांना सगळी झाडं सारखी वाटत असतील, पण पाइनने ओजिब्वेंची गुजराण होत नव्हती, ती मेपलने होत होती. ‘एक झाड’ म्हणजे एका जातीचं झाड. ‘झरे-ओढे’ म्हणजे त्यांत जे जे पोहतं आणि उगवतं ते सगळं, मासा आणि जंगली तांदूळ. दुभाष्याने प्रतिमा जशी होती तशी आणली. सचिवाला प्रतिमा नको होती, कलम हवं होतं. चांगल्या भाषांतराला ‘शब्दशः’ म्हणून हिणवण्याची रीत किती जुनी आहे, ते इथे दिसतं.

दुसरा प्रमुख एश्किबागिकूंझे, इंग्रजीत फ्लॅट माउथ, याने तीच गोष्ट सचिवाला पचेल अशा भाषेत मांडली: आम्ही जमीन द्यायला तयार आहोत, पण झाडांपासून साखर करायची, तळ्या-नद्यांतून पोट भरायचं आणि याच मुलखात राहायचं, हे आम्ही राखून ठेवतो. डॉज उत्तरला की त्यांची विनंती राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घालीन, आणि त्यांची मर्जी असेपर्यंत शिकार-मासेमारी करू दिली जाईल. गोऱ्यांना ही सगळी जमीन लागायला बहुधा बरीच वर्षं जातील. २९ जुलैला सह्या झाल्या. तहाच्या पाचव्या कलमात शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करणं यांची हमी आली, आणि तिला शेपूट जोडलेलं होतं: राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत.

कलमातला इंग्रजी शब्द ‘प्रिव्हिलेज’ आहे. मराठीत तो मी ‘मुभा’ किंवा ‘सवलत’ असा करीन; ‘हक्क’ केला तर भाषांतर चुकेल. पण ओजिब्वेंना समजलं ते यांतलं कुठलंच नसणार. त्यांच्या मनात जे होतं त्याला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: वहिवाट. मालकी कुणाचीही असो, आम्ही इथून येतो-जातो, इथून पाणी भरतो, इथलं खातो, आणि ते चालू राहील. ‘मर्जी’ हा शब्द दरबारातला. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाने तो कसा ऐकला असेल? मर्जी जाणार ती काही आगळीक केली तरच, असंच त्याने धरलं असणार.

मर्जी तेरा वर्षांत फिरली. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी हुकूम काढला: मुभा रद्द, ओजिब्वेंनी उरलेल्या मुलखात निघून जावं. त्यांना हलवण्यासाठी वार्षिक हप्ता वाटायची जागाच बदलली. विस्कॉन्सिनकडच्या ओजिब्वेंना शेकडो मैल दूर सँडी लेकला बोलावलं. ते ठरल्या वेळी पोचले, पैसे पोचले नाहीत. अपुरं, सडकं धान्य, गोवर, हगवण, आणि वर हिवाळा. तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे ४०० माणसं मेली. नद्या गोठल्याने होड्या टाकून त्यांना चालत यावं लागलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण अशा कहाण्या जगभर एकाच साच्याच्या असतात. १८५५ च्या तहाने तळ्याच्या दक्षिण काठावर राखीव प्रदेश ठरला. लाकूडवाले आत शिरले. १८८९ च्या कायद्यानंतर अनेकांना पश्चिमेकडच्या व्हाइट अर्थला हलवलं. काही हललेच नाहीत. १९११ मध्ये दक्षिण काठावरच्या एका वस्तीतून शेरिफने माणसं बाहेर काढली आणि घरं जाळली, कारण जमीन कागदोपत्री दुसऱ्याची झाली होती. पुढे हॅरी आणि जेनेट एअर हे गोरं जोडपं आलं. त्यांनी व्यापारी ठाणं काढलं, प्रवाशांसाठी रिसॉर्ट चालवलं, ओजिब्वेंकडून होड्या आणि हस्तकलेच्या वस्तू करवून घेतल्या. १९५९ मध्ये त्यांनी आपला संग्रह मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीला दिला, आणि आज ते ठाणं तिथल्या संग्रहालयाचा भाग आहे. तळ्यावरच्या पर्यटनाचा आणि विस्थापनाचा इतिहास एकाच छपराखाली पाहायचा असेल तर ती जागा.

काठ असा रिसॉर्टांचा झाला. ओजिब्वे लोक राज्याच्या परवान्याशिवाय जाळं टाकताना सापडले तर दंड होऊ लागला.

ऑगस्ट १९९० मध्ये मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी राज्यावर दावा लावला. (त्यांच्या शासनाचं अधिकृत नाव ‘मिल लॅक्स बँड ऑफ ओजिब्वे’. ‘बँड’ मराठीत तसाच ठेवला की लग्नाची वरात दिसू लागते, ‘टोळी’ म्हटलं तर दरोडेखोर. मी त्यांना नुसतं ओजिब्वे म्हणते.) १९९३ मध्ये समझोता जवळजवळ झाला होता: ८६ लाख डॉलर, ७,५०० एकर जमीन आणि तळ्याचा लहानसा भाग फक्त ओजिब्वेंसाठी. राज्याच्या विधिमंडळाने तो फेटाळला. फुटबॉलचे गाजलेले प्रशिक्षक बड ग्रँट विरोधकांच्या पुढे होते. रिसॉर्टवाल्यांना भीती होती की जाळी आणि भाले तळं रिकामं करतील. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. कर्ज काढून उभ्या केलेल्या वीस खोल्या माशाच्या भरवशावर असतात. पण शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये त्याच भीतीने १९८० च्या दशकात नदी-तळ्यांच्या धक्क्यांवर कसल्या घोषणा दिल्या गेल्या, ते लिहवत नाही.

२४ मार्च १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ओजिब्वेंच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलं की लोकांना हलवण्याचा अधिकारच टेलरला नव्हता, आणि हुकमाचे दोन तुकडे करता येत नाहीत, म्हणून मुभा रद्द करणंही बाद. १८५५ च्या तहात जमिनीवरचे सगळे हक्क सोडल्याचं लिहिलं होतं, पण शिकार-मासेमारीचा उल्लेख नव्हता, म्हणून ती सुटली असं धरता येत नाही. आणि तह वाचायचा तो सही करणाऱ्या ओजिब्वेंना तो जसा समजला असेल तसा. त्यांना काय समजलं होतं, हे दाखवायला न्यायालयाने मघेगाबोचं झाडाचं वाक्य उद्धृत केलं, आणि सोबत व्हॅन अँटवर्पचा अंदाजही. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचं विरोधी मत एवढंच की ‘मर्जी’ म्हणजे मर्जी. शब्द स्पष्ट आहेत. ते तहाच्या इंग्रजीशी प्रामाणिक होते. बहुमत मूळ संभाषणाशी प्रामाणिक होतं. आमच्या व्यवसायातला रोजचा वाद नऊ न्यायाधीशांनी केला, आणि सचिवाने नालायक ठरवलेल्या दुभाष्यांचं वाक्य १६२ वर्षांनी पुराव्याला उभं राहिलं.

त्यानंतर दरवर्षी राज्याचे आणि ओजिब्वेंचे जीवशास्त्रज्ञ बसून किती वॉलआय काढणं सुरक्षित आहे तो आकडा ठरवतात. या वहिवाटीत मिल लॅक्ससह आठ ओजिब्वे शासनांचा वाटा आहे. २०१५ मध्ये आकडा ४०,००० पौंड होता: २८,६०० राज्याच्या परवानाधारकांना, ११,४०० ओजिब्वेंना. परवानाधारकांचा वाटा भर उन्हाळ्यात संपला आणि ३ ऑगस्टला राज्याने वॉलआयची मासेमारी थांबवली. रिसॉर्टांवर आकाश कोसळलं. बोटं पुन्हा जाळ्यांकडे वळली. अभ्यासात दिसलं ते वेगळं: पिल्लं पुरेशी जन्मत होती, पण मोठी होईपर्यंत टिकत नव्हती. २००५ मध्ये तळ्यात सापडलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलं होतं, पाणी गरमही होत होतं, आणि अंधूक उजेडात वाढणाऱ्या माशाला दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. पुढच्या वर्षी तर धरलेला प्रत्येक वॉलआय परत सोडायचा, असा नियम झाला.

तेव्हा रिसॉर्ट निवडताना दक्षिण काठ घ्यायचा की उत्तरेचा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ओनामिया, वाकोन, आयल ही गावं १८५५ च्या राखीव प्रदेशात येतात. ती हद्द अजून शाबूत आहे का, यावर अलीकडेही कोर्टात वाद झाले. पश्चिम काठावर ओजिब्वेंच्या मालकीचा, १९९१ पासूनचा कॅसिनो आणि त्याचं मोठं हॉटेल आहे. उत्तरेकडे गॅरिसनला रस्त्याकडेला वॉलआयचा भलामोठा पुतळा. मला विचाराल तर मी दक्षिण-पश्चिम कोपरा घेईन, एअर यांच्या ठाण्याजवळचा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या त्या हंगामाच्या नियमांत मिळतं, आणि रिसॉर्टच्या खिडकीवर ते चिकटवलेलंही असतं: किती मासे, किती इंचांपासून किती इंचांपर्यंत. मोजपट्टी खोपीतच ठेवलेली असते. मासा वर आला की तो आधी तिच्यावर आडवा ठेवायचा, आणि मापात बसत नसेल तर हात ओले करून, डोकं खाली धरून, भोकातून परत सोडायचा.